ताणावरच्या बागेतला पाहुणा

परदेशातले पाहुणे दोन रात्री आपल्याकडे मुक्कामाला येणार आहेत, असं मी सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"आपल्याकडं काय बघायला येऊन राह्यले ते? आपण काय अजिंठ्याची लेणी आहोत का?"

प्रश्न रास्त होता. आमचं गाव केदारखेड्याहून चारपाच किलोमीटर आत. एक मारुतीचं देऊळ, एक बुद्धविहार, दोन किराणा दुकानं आणि एक चहाचं हॉटेल, त्याला हॉटेल म्हणायचं ते केवळ बाकडं आहे म्हणून. मी भोकरदनच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करते. नवरा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे, तो शनिवारी येतो. एरवी घरात सासू, सासरे आणि मी. यात बघण्यासारखं काय, हे मलाही सांगता आलं नसतं.

पण नाही म्हणायची सोय नव्हती. पाहुणे आणणारी पोरगी माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीत असताना इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर झोपायची. आता संभाजीनगरात राहते आणि परदेशी लोकांना फिरवते. अजिंठा-वेरूळ बघून झालं की दोन दिवस एखाद्या गावात, गावकऱ्यांच्या घरात राहायचं, ते खातील ते खायचं, त्यांच्यासोबत शेतात जायचं, असा तिचा बेत. "मॅडम, हॉटेलात राहून देश कळत न्हाई," ती मला म्हणाली. झोपणाऱ्या मुलीनं एवढं शहाणपण कुठून मिळवलं, या विचारात मी होकार देऊन बसले.

जानेवारीचा महिना होता. गावातली तीन घरं ठरली आणि सहा पाहुणे. आमच्या वाट्याला एकच आला, सत्तरीच्या घरातला एक इटलीचा गृहस्थ. अडचण एवढीच की त्याला द्यायच्या खोलीत कापूस होता. भाव वाढेल म्हणून सासऱ्यांनी तो घरात ठेवला होता, पार खिडकीच्या वरपर्यंत. दोन दिवस खपून आम्ही अर्धी खोली मोकळी केली, मधे जुनं लुगडं बांधून आडोसा केला आणि अलीकडे पलंग टाकला.

पाहुणा आला तो बुटका, रुंद खांद्यांचा, डोक्याला कापडी टोपी. हात मात्र बघण्यासारखे. नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याला जुनी चीर. सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्याआधी ते हात पाहिले आणि मला हळूच म्हणाल्या, "हा कामाचा माणूस दिसून राह्यला." त्याचं इंग्रजी माझ्या सातवीच्या पोरांइतकं होतं. मला हायसं वाटलं. गोऱ्या माणसापुढे आपलं व्याकरण चुकेल ही धास्ती मला बऱ्याच वर्षांची. तो तर क्रियापदाशिवायच बोलत होता.

सकाळी उठला तो पाठ खाजवत. घरात साठवलेल्या कापसाजवळ झोपलं की अंगाला खाज सुटते, हे आम्हाला माहीत होतं, पण सवयीमुळे सांगायचं राहून गेलं होतं. सासूबाईंनी खोबरेल तेलाची बाटली त्याच्या हातात दिली आणि स्वतःची पाठ चोळून दाखवली. तो हसला. लुगड्याचा पडदा सारून त्यानं कापसाचा एक पुंजका उचलला, बोटांनी पिंजून सरकी काढली, दाताखाली धरून पाहिली. सासरे ओसरीवरून हे सगळं पाहत होते.  ते अलीकडे फारसं बोलतच नसत. सकाळी शेतात, दुपारी जेवण, संध्याकाळी टीव्हीवर बाजारभाव. दिवसाला दहा वाक्यं झाली तरी पुष्कळ.

न्याहारी झाल्यावर सगळ्या पाहुण्यांना शेत दाखवायचं होतं, आणि ते आमचंच, कारण आमची मोसंबीची बाग रस्त्याला लागून आहे. इथेच सगळा घोटाळा झाला.

मोसंबीच्या बागेला डिसेंबरात पाणी तोडतात. दीडेक महिना झाडाला तहानेलं ठेवायचं. पानं पिवळी पडतात, सुकतात, गळायला लागतात. मग नेमका दिवस बघून पाणी सोडायचं. झाड घाबरून म्हणा की हरखून म्हणा, अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण ज्याला ठाऊक नाही, त्याला ताणावरची बाग म्हणजे मेलेली बाग वाटते.

आणि माझ्या विद्यार्थिनीनं गाडीत त्यांना मराठवाड्यातल्या दुष्काळाची माहिती दिली होती.

बागेत पाऊल टाकताच पाहुण्यांचे चेहरे उतरले. फोटो निघाले, पण दबकत, मयताच्या घरी काढावेत तसे. एका बाईनं डोळ्यांवरचा चष्मा काढून मला विचारलं, "आपली झाडं डोळ्यांदेखत मरताना बघून यांना काय वाटतं?"

सासरे माझ्याकडे बघत होते. "काय म्हंतात त्या?"

हे जसंच्या तसं सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "मामा, झाडं कशी आहेत, विचारतायत."

"एक नंबर," सासरे म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं. झाडं उत्तम आहेत म्हणतात.  एका उंच माणसानं छातीवर हात ठेवून सासऱ्यांपुढे मान लववली. दुसऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सासऱ्यांना कळेना की आपण असं काय मोठं बोललो. मी तोंड उघडून ताणाची गोष्ट समजावणार, तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला.

आमचा इटलीचा पाहुणा एका झाडाखाली उकिडवा बसला होता. त्यानं मूठभर माती उकरली होती, ती बोटांत चुरून बघत होता. मग एक पान तोडलं, मधोमध दुमडलं, मोडताना कानाशी नेऊन ऐकलं. आणि उभं राहून सासऱ्यांना विचारलं, "नो वॉटर. हाऊ मेनी डे?"

मी सांगायच्या आत सासरे म्हणाले, "बेचाळीस." आणि चार बोटं, मग दोन बोटं दाखवली.

पाहुण्यानं मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मला सांगू लागला. तो सिसिली नावाच्या बेटावरचा. त्याची लिंबाची बाग आहे. तेही लिंबाला असंच तहानेलं ठेवतात, भर उन्हाळ्यात, जून-जुलैत. मग पाणी सोडतात, मग फुलं. झाडं मेलेली नाहीत, असं तो बाकीच्यांना आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, झाडं मुद्दाम तहानेली ठेवली आहेत.

मी सासऱ्यांना सांगितलं.

"त्यांला हे कोणी शिकवलं?" त्यांनी लगेच विचारलं.

पाहुणा म्हणाला, आजोबांनी.

"आमाला बापानं," सासरे म्हणाले, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन कुणाशी हात मिळवला.

बाकीची मंडळी विद्यार्थिनीसोबत गावात गेली. तिला तिथे विहारात चहाला बोलावलं होतं. हे दोघे बागेतच राहिले आणि त्यांच्यामधे दुभाषी म्हणून मी. मला वाटलं, अर्ध्या तासात आटपेल. साडेतीन तास लागले.

कारण दोघांचं भांडण लागलं.

सासऱ्यांचा हिशोब आण्यांत चालतो. झाडाची चार आणे पानं गळाली की ताण तोडायचा, पाणी सोडायचं. म्हणजे चौथा हिस्सा पानं. परवा पाणी सोडायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पाहुणा म्हणाला, फार लवकर होतंय. त्याच्या मते आठ आणे, म्हणजे निम्मी पानं गेली पाहिजेत. त्यानं मातीचं ढेकूळ आणून दाखवलं. तुमची माती काळी, खोल, आत ओल धरून ठेवते. झाड वरून तहानेलं दिसतंय, पण मुळांना अजून पाणी मिळतंय. त्याला अजून दहा दिवस थांबवा.

"त्यांला सांग," सासरे म्हणाले, "माती आमची आहे, तशीच ऊनबी आमचं आहे. पाणी लेट सोडलं का फूल लेट, आणि फळ वाटाण्याएवढं व्हायच्या टायमाला ऊन तापतं. मंग सगळं खाली. बराबर सांग, गाळू नको काही."

मी बरोबर सांगितलं. पाहुण्यानं ऐकलं आणि मान जोरात हलवली. त्याचं म्हणणं, झाडाला पुरतं तहानू दिलं नाही तर फूल अर्धंच येतं आणि मधे फुलाऐवजी नवी पालवी फुटते.

"तसं काई होत न्हाई."

"होतं."

"माझ्या बागेत पालवी फुटली का कधी? विचार त्यांला. त्यांनी काय बघितली माझी बाग?"

ढेकळं, गवताच्या काड्या, गळालेली पानं यांचा बांधावर ढीग लागला. पाहुणा मातीत काटकीनं मुळांचं चित्र काढी, सासरे ते पायानं पुसून आपलं काढत. माझी इंग्रजीची सगळी शब्दसंपत्ती पहिल्या तासातच संपली. पानाचा देठ, पालवी, वाफसा म्हणजे मातीतली बेताची ओल, यांना काय म्हणतात ते बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. पण हळूहळू लक्षात आलं की मी काही बोलले नाही तरी चालतंय. सासरे मराठीत बोलत, पाहुणा त्याच्या बोलीत, आणि दोघेही एकमेकांना अगदी बरोबर ओळखून विरोध करत होते.

जेवायला घरी आलो तरी वाद चालूच. सासूबाईंनी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. पाहुण्यानं ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आणलं आणि आणखी मागितला. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेलं. शेवटच्या तोडीची अर्धी टोपली मोसंबी उरलेली, जराशी सुरकुतलेली. त्यानं खुणेनं सुरी मागितली, दोन सोलून चकत्या केल्या, वर कांदा चिरून टाकला, मीठ भुरभुरलं आणि करडईच्या तेलाची धार धरली.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मोसंबी आमच्याकडे दवाखान्यात भेटायला जाताना नेतात. तिच्यावर कांदा.

"खाऊन बघा आई," मी म्हटलं.

त्यांनी एक चकती तोंडात टाकली, बराच वेळ चावली. "वंगाळ न्हाई," त्या म्हणाल्या. "पण कोणाला सांगू नको."

भांडी आवरायला आम्ही दोघी आत गेलो. बाहेरून सासऱ्यांचा आवाज येत होता, चढलेला, मधेच हसणारा. सासूबाई हातातली परात तशीच धरून ऐकत उभ्या राहिल्या.

"किती दिवसानं बोलून राह्यले," त्या म्हणाल्या.

मला एकदम कळलं त्या कशाबद्दल बोलतायत. आमच्या बांधाला लागून सासऱ्यांच्या मित्राची बाग होती. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून दर जानेवारीत मी त्या दोघांना एकाच गोष्टीवरून भांडताना पाहिलं होतं. पाणी कधी सोडायचं. एक म्हणे आज, दुसरा म्हणे अजून चार दिवस. बांधावर बसून, बिडी पेटवून, एकमेकांच्या बागेला नावं ठेवून. तीन वर्षांपूर्वी तो मित्र गेला. त्याच्या मुलानं बाग तोडून सोयाबीन केलं. माझ्या नवऱ्याला बागेतलं कळत नाही असं नाही, पण तो वाद घालत नाही. "बाबा, तुम्ही म्हणाल तसं," म्हणतो. शहाणा मुलगा आहे, पण त्या शहाणपणाचा काही उपयोग नव्हता.

मी परत बाहेर गेले ती जरा जास्त मन लावून दुभाषीपण करायला.

दुपार कलताना सासऱ्यांनी तोड काढली. बागेची शेवटची एक ओळ, अकरा झाडं, पाहुण्याच्या नावानं. बाकी बागेला परवा पाणी सुटेल. या ओळीचा ठिबकचा कॉक आणखी दहा दिवस बंद राहील. मग बघू कोणाचं खरं. पाहुण्यानं हे ऐकलं, उठून त्या ओळीत गेला आणि एकेका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून आला. सासरे मला म्हणाले, "बघ, अकराच्या अकरा बघून आला. कामाचा माणूस आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. चष्मेवाल्या बाईंना तोवर ताणाची हकीकत कळली होती. त्या सासऱ्यांपुढे येऊन ओशाळून काहीतरी म्हणाल्या. मी सांगितलं, "माफी मागतायत." सासऱ्यांनी विचारलं, "कायची?" आणि उत्तर न ऐकताच त्यांना मोसंबीची पिशवी दिली. इटलीच्या पाहुण्यानं माझा फोन नंबर घेतला. ओळीचे फोटो पाठवत जा, असं बजावलं.

मी पाठवत राहिले. ठरल्या दिवशी पाणी सुटलं, फेब्रुवारीत बाग फुलली. शाळेतून येताना फाट्यापासूनच वास यायचा. पाहुण्याची ओळ मागाहून फुलली, पण अशी की पान दिसेना. ते फोटो पाठवले तेव्हा त्यानं हात उंचावलेली सतरा चित्रं पाठवली. सासऱ्यांना मी फोन दाखवला. ते म्हणाले, "थांब म्हणावं."

मार्च सरता सरता ऊन पेटलं. बागेतलं फळ तोवर सुपारीएवढं होऊन धरलं होतं. त्या ओळीतलं वाटाण्याएवढंच होतं, आणि आठ दिवसांत ते टपटप गळालं. अकरा झाडांखाली हिरवा सडा पडला. सासरे तिथे उभे होते. मला वाटलं होतं, ते मिशीत हसतील. ते खाली वाकून एकेक दाणा उचलून बघत होते.

"त्यांला काय कळवायचं मामा?"

त्यांनी हातातला दाणा खाली टाकला. मग म्हणाले, "लिही, बराबरीत सुटलं. त्यांचंबी चांगलं आहे म्हणावं."

मी रोज साठ पोरांना खोटं लिहू नका म्हणून सांगते. पण सासऱ्यांचा शब्द. झाडाच्या वरच्या फांद्यांवर राहिलेल्या थोड्या फळांचा नीट कोन साधून फोटो काढला आणि पाठवला. दोन्हीकडे सारखंच फळ आहे, असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "तुमचे सासरे फार सभ्य आहेत. आता झाडाखालच्या जमिनीचा फोटो पाठवा."

मी ते वाचून दाखवलं. सासरे ओसरीवर बसले होते. आधी नुसते खांदे हलले, मग ते इतके हसले की सासूबाई आतून बाहेर आल्या. "आल्ता तवाच मला कळलं होतं," ते म्हणाले, "ह्या माणसाला फसवणं सोपं न्हाई. पाठव. खालचा पाठव."

खालचा फोटो गेला. पाहुण्यानं कबूल केलं की ऊन त्यानं हिशोबात धरलं नव्हतं. लगोलग हेही लिहिलं की पुढच्या वर्षी चार आणे आणि आठ आणे यांच्या मधे सहा आणे करून बघा. सासऱ्यांनी केलंही, दोन झाडांवर, मला न सांगता. ती दोन झाडं बरी निघाली. हे त्यांनी पाहुण्याला कळवू दिलं नाही.

त्यानं आम्हाला सिसिलीला बोलावलं आहे. पण त्याच्या लिंबाचा ताण बघायचा तर जूनमध्ये जायला हवं. "पेरणी टाकून मी इटलीला जाऊ?" सासरे म्हणतात. "गाव काय म्हणल?" तेव्हा तो विषय तिथेच आहे. व्हिडिओ कॉल मात्र होतात. पहिली पाच मिनिटं मला बोलावतात, मग फोन झाडाकडे वळवून दोघे आपापल्या भाषेत सुरू होतात आणि मी वह्या तपासायला बसते.

पाहुणे अजून येतात, दर हिवाळ्यात दोनतीन गट. गाडीतलं दुष्काळाचं भाषण माझ्या विद्यार्थिनीनं बंद केलं. बाग आता सासरे स्वतः दाखवतात आणि शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात, "तुमी काय लावता?" हा प्रश्न मला दर वेळी नव्यानं भाषांतरित करावा लागतो. बहुतेक जण काहीच लावत नाहीत. कुणी संगणकावर काम करतो, कुणी बँकेत. सासरे मान हलवतात आणि पुढच्या पाहुण्याकडे वळतात.

गेल्या हिवाळ्यात कोरियाची एक तरुण मुलगी आली होती. तिलाही विचारलं. ती लाजली. म्हणाली, मी अकराव्या मजल्यावर राहते, माझ्याकडे फक्त मिरचीचं एक रोप आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत.

सासऱ्यांनी मला खुर्ची आणायला सांगितली. तिला बसवलं, स्वतः समोर बसले. खिडकी कोणत्या दिशेला आहे. ऊन किती वेळ येतं. पान वर वळतं का खाली. मिरच्या किती लागतात. फोटो आहे का. तिच्याकडे फोटो होता. त्यांनी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला, बराच वेळ.

"हिला सांग," ते म्हणाले, "रोप चांगलं आहे. कुंडी लहान पडली."